‘अल्मा’, ‘कुमारी’ आणि ‘बतूल’ : हजरत मरयमच्या कथेची यहुदी मुळे आणि ‘क्रिस्तपुराण’

मराठी वाङ्मयेतिहासाच्या तासाला फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ सहसा अर्ध्या तासात आटोपले जाते. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आला, आयुष्याची पुढील सुमारे चाळीस वर्षे त्याने साष्टी भागात घालवली आणि १६१६ मध्ये राशोल येथे जवळपास अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापून घेतला. त्यात त्याने मराठी भाषेची थोरवी गायिली आहे. एवढे सांगून झाले की शिक्षक मोकळा होतो आणि विद्यार्थीही. ग्रंथात आहे तरी काय, हा प्रश्न मागे राहतो.

मुस्लिम संस्थांच्या महाविद्यालयांत मात्र तो फार काळ मागे राहत नाही. वर्गातील एखादी मुलगी विचारतेच की या ग्रंथातली ‘मरी’ म्हणजे बीबी मरयमच ना? ‘होय’ म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो : हजरत ईसा (अ.) यहुदी समाजात जन्मले, मग यहुदी लोक ही पित्याविना जन्माची गोष्ट मानतात का? मानत नसतील तर ती त्या समाजात उगवली कशी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यावर गेली दोन हजार वर्षे वाद चालू आहे आणि त्या वादाचे काही धागे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांतून गेलेले आहेत. सदर लेखात त्या धाग्यांचा विचार केला आहे.

वादाचे मूळ एका शब्दात आहे असे समजले जाते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायातील चौदाव्या वचनात एका ‘अल्मा’ला पुत्र होईल व त्याचे नाव इम्मानुएल ठेवले जाईल, अशी खूण सांगितली आहे. इंजीलच्या मत्तय-वृत्तांतात हे वचन हजरत ईसांच्या जन्माशी जोडले गेले आणि तेथे ‘अल्मा’च्या जागी ‘पार्थेनोस’ हा ग्रीक शब्द आला. त्याचा रूढ अर्थ कुमारिका. प्रचलित मराठी बायबलातही यशयाच्या त्या वचनात ‘कुमारी’ हाच शब्द आढळतो. इब्रानीत ‘अल्मा’चा अर्थ वयात आलेली तरुण स्त्री इतकाच होतो.

मूळ प्रसंग पाहिला तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. इ.स.पूर्व आठव्या शतकात यहुदाचा राजा आहाज याच्यावर अरामचा राजा रसीन आणि इस्राएलचा राजा पेकह हे दोघे मिळून चालून आले होते. राजा घाबरला होता. यशयाने त्याला धीर दिला की हे बालक बरेवाईट ओळखू लागण्यापूर्वीच त्या दोन्ही राजांचे देश ओसाड होतील. खूण आहाजला दिलेली आहे, तेव्हा ती त्याच्या हयातीतच दिसायला हवी. सातशे वर्षांनी होणाऱ्या जन्माने त्या घाबरलेल्या राजाला कसला धीर येणार? यहुदी भाष्यकारांनी हा मुद्दा प्रारंभापासून मांडला आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती पंडिताने ट्रायफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहून ठेवला. त्यातील ट्रायफो म्हणतो की वचनात तरुण स्त्री आहे, कुमारिका नाही, आणि बालक म्हणजे आहाजचा पुत्र हिज्कीया.

येथे मराठी शिक्षकाने क्षणभर थांबून आपल्याच भाषेकडे पाहावे. हजेरीपटावर मुलीच्या नावामागे ‘कु.’ लिहिताना कारकुनाच्या मनात काय असते? विवाह झालेला नाही, इतकेच. शारीरिक कौमार्याचा अर्थ त्या शब्दात समाजाच्या गृहीतकातून शिरतो. शब्द स्वतः तो उच्चारत नाही. उज्जैनच्या भैरवगढात छिप्यांच्या घरी बोलली जाणारी हिंदी-उर्दू घ्या, ‘कुंवारी’चा व्यवहारातला अर्थ तेथेही बिनलग्नाची हाच आहे. म्हणजे ‘अल्मा’साठी ‘कुमारी’ हा मराठी प्रतिशब्द वरवर वाटतो तितका चुकीचा नाही. तो इब्रानी शब्दाइतकाच सैल आहे. घट्टपणा येतो तो मत्तयाच्या वचनावरून मागे वाचत गेल्यावर.

इब्रानीत निखळ कुमारिकेसाठी ‘बतूला’ हा वेगळा शब्द आहे आणि यशयाला तो अभिप्रेत असता तर त्याने तोच वापरला असता, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. उर्दू जाणणाऱ्याला हा शब्द परका नाही. अरबीतला ‘बतूल’ हा त्याचाच सख्खा भाऊ. हजरत मरयमसाठी ‘अल्-बतूल’ ही उपाधी आहे आणि उर्दूत तर हजरत फातिमा (र.) यांच्यासाठीही ती सर्रास येते, मुलींची नावेही तशी ठेवली जातात. अरबी कोशकारांनी या शब्दाची फोड ‘तोडून घेणे, जगापासून अलग होऊन अल्लाहकडे वळणे’ अशी केली आणि सूरह मुज्जम्मिलमध्ये त्याच धातूचे रूप भक्तीतील एकाग्रतेसाठी आले आहे. शरीराचा शब्द अरबीत आला आणि वृत्तीचा झाला.

मात्र हा युक्तिवाद वाटतो तेवढा पक्का नाही. योएलच्या ग्रंथात तरुणपणीच्या पतीसाठी गोणपाट नेसून विलाप करणाऱ्या स्त्रीला ‘बतूला’च म्हटले आहे. तोरातच्या उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात रिबका ‘बतूला’ होती असे सांगून वर तिला कोणा पुरुषाने जाणले नव्हते अशी पुस्ती जोडावी लागली, ती शब्द एकटा पुरेसा नव्हता म्हणूनच. त्याच अध्यायात पुढे त्याच रिबकाला ‘अल्मा’ही म्हटले आहे. मिश्नाच्या ‘निद्दा’ या प्रकरणात तर ‘बतूला’ची व्याख्याच निराळी येते : जिला अद्याप ऋतुप्राप्ती झाली नाही ती, मग तिचा विवाह झालेला का असेना. या व्याख्येकडे लक्ष वेधून यहुदी वंशाचे अभ्यासक गेझा वेर्मेश यांनी १९७३ च्या ‘जीझस द ज्यू’ या ग्रंथात असे सुचवले की प्रथम ऋतुस्रावापूर्वीच गर्भ राहिलेली विवाहिता यहुदी परिभाषेत ‘कुमारी माता’ ठरू शकते. कल्पना चतुर आहे. परंतु लूकच्या वृत्तांतातील मरियेचा आणि सूरह मरयममधील हजरत मरयमचा प्रश्न पुरुषसंबंधाविषयी आहे, ऋतूविषयी नाही, आणि या अडचणीवर तिच्यात उत्तर नाही.

‘अल्मा’चे अरबी नाते अधिक कुतूहलाचे आहे. इब्रानीतला ऐन अनेकदा अरबीत गैन होऊन येतो. ‘अल्मा’चे पुल्लिंगी रूप ‘एलेम’ शमुवेलच्या ग्रंथात तरुण मुलासाठी आले आहे आणि त्याचे अरबी भावंड म्हणजे ‘गुलाम’. उर्दूत या शब्दाला दास्याचा वास लागला, पण कुरआनच्या अरबीत त्याचा अर्थ मुलगा. सूरह मरयममध्ये फरिश्ता मरयमला ज्या पवित्र मुलाची वार्ता देतो तो ‘गुलाम’च आहे, आणि मला गुलाम कसा होईल, असा प्रश्न त्या करतात. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शम्रा येथे १९२९ पासून उत्खननात मिळालेल्या उगारिती पाट्यांपैकी चंद्रदेव व निक्कल यांच्या विवाहाच्या गीतात तरुणी पुत्र प्रसवेल अशी घोषणा आहे आणि तिच्यात याच धातूचा स्त्रीलिंगी शब्द आहे. यशयाच्या पाचसहाशे वर्षांपूर्वीची ही पाटी. पुत्रजन्माच्या मंगल घोषणेचा हा एक जुना ठराविक साचा होता आणि संदेष्ट्याने तोच राजाच्या कानी घातला, असे दिसते.

मग ‘पार्थेनोस’ आला कोठून? येथे एक गोष्ट नजरेआड होते. यशयाचा ग्रीक अनुवाद ख्रिस्ती लोकांनी केलेला नाही. तो हजरत ईसांच्या जन्मापूर्वी शतक-दीड शतक आधी ग्रीकभाषी यहुद्यांनी केला. पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक त्या शब्दावर बोट ठेवू लागले तेव्हा अक्विला, थिओदोतिओन यांसारख्या अनुवादकांनी तो काढून ‘नेआनिस’ म्हणजे तरुणी हा शब्द घातला. तेव्हा ज्या शब्दावर वाद पेटला तो शब्द यहुदी हातांनीच लिहिलेला होता. त्यांच्या मनात चमत्कार होता का? बहुधा नसावा. त्याच ग्रीक तोरातमध्ये बलात्कार झालेल्या दीनालाही त्या घटनेनंतर ‘पार्थेनोस’ म्हटले आहे. ग्रीक शब्दही तेव्हा आजच्याइतका आवळलेला नव्हता. यावरून मत्तयाने चुकीच्या भाषांतरातून ही कथा रचली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लूकच्या वृत्तांतात यशयाचे ते वचन नाहीच आणि तरीही कथा आहे. कथा आधी होती, वचन तिच्यासाठी मागाहून शोधले गेले, हा क्रम अधिक संभवनीय आहे.

उर्दू वाचकाला या वादाची ओळख झाली ती मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यामुळे. १८५४ साली आग्र्यात पादरी फँडरशी त्यांचा गाजलेला मुनाजरा झाला. पुढे त्यांनी ‘इजहारुल हक’ हा अरबी ग्रंथ लिहिला. तो उर्दूत ‘बाइबल से कुरआन तक’ या नावाने वाचला जातो. त्यात त्यांनी यशयाच्या वचनाचा समाचार घेतला आहे. ‘अल्मा’चा अर्थ, आहाजचा प्रसंग, यहुदी विद्वानांची साक्ष हे सारे त्यात आले आहे. युरोपातील बायबल-चिकित्सेची शस्त्रे पादऱ्यांवर उलटवणारा हा पहिला मोठा हिंदुस्थानी आलिम होता आणि त्याचा अभ्यास आजही थक्क करतो.

पण त्यानंतर जे झाले त्याकडे चिकित्सकपणे पाहिले पाहिजे. कैरानवींच्या युक्तिवादाचे लक्ष्य मत्तयाचा पुरावा हे होते; खुद्द चमत्कारावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. नंतरच्या अनेक उर्दू पुस्तिकांतून हा फरक पुसला गेला. ‘अल्मा म्हणजे कुमारी नव्हे’ एवढे वाक्य हाती घेऊन ते जणू कुमारीमातेच्या कथेचेच खंडन असल्याच्या आवेशात लिहिले गेले. लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नाही की हेच वाक्य ट्रायफोच्या तोंडी कथाच नाकारण्यासाठी आले होते, आणि मरयमवरील आळ, ज्याला सूरह निसा ‘बुहतान’ म्हणते, तोही त्याच नकाराच्या वाटेने चालत आला. शेजाऱ्याची भिंत पाडताना सामाईक आढे कोणते हे पाहिले पाहिजे. कुरआन यशयाचा दाखला देत नाही. त्यामुळे ‘अल्मा’चा अर्थ काहीही ठरला तरी कुरआनातील कथेचे काही बिघडत नाही. ही गोष्ट वर्गात स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. नाहीतर विद्यार्थी अर्धी माहिती घेऊन बाहेर पडतो आणि एक दिवस ती त्याच्याच श्रद्धेवर उलटते.

सर सय्यद अहमद खान यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी बायबलवर ‘तबयीनुल कलाम’ हे भाष्य आधीच लिहिले होते. पुढे कुरआनच्या तफसीरमध्ये, निसर्गनियम मोडत नाहीत या आपल्या भूमिकेनुसार, हजरत ईसांना पिता होता असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांचा हेतू शिकलेल्या तरुणाचा विश्वास टिकवण्याचा होता, हे मान्य करूनही हे वाचन मूळ शब्दांवर टिकत नाही. आपल्याला कोणा पुरुषाने स्पर्श केलेला नाही आणि आपण दुराचारीही नाही, अशी दुहेरी ग्वाही मरयम देतात. सूरह आलि इमरानमध्ये ईसांची तुलना मातीतून घडवलेल्या आदमशी होते. पिता गृहीत धरला तर ही तुलना कशासाठी, याचे उत्तर त्या तफसीरमध्ये समाधानकारक मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. यहुदी परंपरेत या कथेची मुळे शोधायची तर एका शब्दाऐवजी एका कथामालेकडे पाहावे लागते. सारा, रिबका, राहेल, शमशोनाची आई, शमुवेलाची आई हन्ना. या सगळ्या वांझ म्हणून दुःख सोसलेल्या स्त्रिया. प्रत्येकीच्या उदराविषयी आकाशातून शब्द येतो आणि जन्मणारा मुलगा सामान्य नसतो. शमशोनाच्या कथेत तर देवदूत आधी पत्नीलाच एकटीला भेटतो. नवरा मानोहा मागाहून धावत येतो. लूकने मरियेच्या तोंडी घातलेल्या स्तुतिगीताचा नमुना हन्नाचे गीत आहे, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्या कोणालाही दिसेल. सारा हसते, जकरिया खूण मागतात, मरयम विचारतात. प्रश्न तोच असतो, फक्त अशक्यता प्रत्येक वेळी थोडी वाढते.

इ.स. पहिल्या शतकाच्या आसपास या मालेत आणखी काही हालचाल चालू होती. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने लिहिले की सारा, रिबका, लेआ आणि मुसांची पत्नी सिप्पोरा यांना गर्भ राहिला तो देवाकडून. साराचा स्त्रीधर्म थांबल्यामुळे ती पुन्हा कुमारिका झाली, असेही तो म्हणतो. फिलोच्या लेखी या स्त्रिया सद्गुणांची रूपके आहेत, हे विसरून चालणार नाही. परंतु रूपकालाही आधी भाषेत जागा असावी लागते. १९४७ मध्ये मृत समुद्राच्या काठी सापडलेल्या गुंडाळ्यांपैकी उत्पत्तीविषयक अरामी ग्रंथात लामेखला आपला नवजात मुलगा नूह पाहून शंका येते की हा स्वर्गीय पहारेकऱ्यांपासून तर झाला नाही? पत्नी बितेनोश शपथेवर सांगते की गर्भ तुमचाच. आणि स्लाव भाषेत टिकून राहिलेल्या हनोखच्या दुसऱ्या ग्रंथात नीर याजकाची वांझ, वृद्ध पत्नी पतीच्या संगाशिवाय गर्भवती होते, लाजेने लपून राहते, पतीच्या कठोर शब्दांनंतर मरण पावते आणि तिच्या प्रेतातून मलकीसदेक हे बालक बाहेर येते. या ग्रंथाचा काळ व मूळ यांविषयी तीव्र मतभेद आहेत, म्हणून त्यावर फार भार टाकता येत नाही.

जे. ग्रेशॅम मेचन यांनी १९३० च्या आपल्या विस्तृत ग्रंथात ही कल्पना यहुदी वा ग्रीक कोणत्याच उगमातून आली नाही असे ठासून मांडले, कारण त्यांना ती घटना म्हणून सिद्ध करायची होती. श्रद्धावंताला असा आटापिटा करण्याची गरज नाही. एखादी घटना खरी घडली तरी ती सांगायला शब्द आणि साचे त्या समाजाचेच लागतात. येथे एक बारीकसा ऐतिहासिक पुरावा बोलका आहे. एबिओनी म्हणून ओळखले जाणारे, तोरातचे नियम पाळणारे यहुदी-ख्रिस्ती लोक ईसांना योसेफाचा पुत्र मानत, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस नोंदवतो की त्यांच्यातील एक शाखा कुमारीजन्म नाकारत नव्हती. म्हणजे सुंता व शब्बाथ पाळणाऱ्या, ईसांना ईश्वर न मानणाऱ्या माणसांना ही कथा मान्य होऊ शकत होती. कुरआनची भूमिका डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या वाचकाला या नोंदीचे महत्त्व सांगायला नको.

कुरआनात ही यहुदी कथामाला अधिक ठळकपणे दिसते, कारण तेथे जकरिया आणि मरयम यांच्या कथा एकमेकींत विणलेल्या आहेत. इमरानची पत्नी पोटातले मूल अल्लाहच्या सेवेस वाहते. ही हन्नाच्या नवसाचीच जात. मुलगी होते. जकरिया तिचा सांभाळ करतात, मिहराबात तिच्याजवळ अन्न पाहतात आणि तेथेच, त्याच जागी, म्हाताऱ्या माणसाच्या मनात मुलाची इच्छा जागी होते. मरयमला पाहून जकरियांना दुआ सुचली, हा क्रम केवळ कुरआनचा आहे. लूककडे तो नाही. पुढे दोघेही ‘कसे होईल’ असे विचारतात. दोघांनाही ‘असेच’ हे उत्तर मिळते. पण जकरियांना सांगितले जाते की अल्लाह इच्छितो ते ‘करतो’, आणि मरयमला सांगितले जाते की अल्लाह इच्छितो ते ‘निर्माण करतो’. ‘यफ्अलु’ आणि ‘यख्लुकु’. वांझ स्त्रीची कथा आणि कुमारिकेची कथा एकाच माळेतली असूनही त्यांच्यात कोठे अंतर पडते, ते एका क्रियापदाने दाखवले आहे. मराठी अनुवाद शिकवताना हा फरक फळ्यावर लिहून दाखवण्यासारखा आहे. ‘या उख्त हारून’ या संबोधनाबाबतही असेच. मरयमला हारूनची बहीण कसे म्हटले, हा आक्षेप नजरानच्या लोकांनी घेतला होता आणि पूर्वीचे लोक संदेष्ट्यांची नावे आपल्या मुलांना ठेवत, असा खुलासा सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. त्या खुलाशासोबत हेही दिसते की कुरआन मरयमला यहुदी याजककुळाच्या आठवणीतून वेगळे काढू इच्छित नाही.

या पार्श्वभूमीवर ‘क्रिस्तपुराण’ पुन्हा उघडावे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ जुन्या कराराचे, म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीपासून यहुदी संदेष्ट्यांपर्यंतचे. ‘दुसरे पुराण’ मरियेचे आणि येशूचे. मरियेच्या कथेपूर्वी स्टीफन्सने श्रोत्याला हजारो ओव्यांचा यहुदी इतिहास ऐकवला. असे का केले असावे, याचे उत्तर श्रोत्यांकडे पाहिले की मिळते. मराठी पुराण ऐकत वाढलेल्या साष्टीच्या माणसाला कुमारिकेला पुत्र होणे नवलाचे नव्हतेच. कुंतीला सूर्यापासून कर्ण झाला आणि तिचे कन्यात्वही अबाधित राहिले, हे त्याला ठाऊक होते. गोरक्षनाथाचा जन्म भस्मातून झाल्याची कथा तो नाथपंथीयांकडून ऐकत होता. त्याने मरियेची कथा लगोलग मान्य केली असती, आणि कर्णाच्या शेजारी नेऊन ठेवली असती. स्टीफन्सला भीती होती ती अविश्वासाची नसून या सहज विश्वासाची असणार. ट्रायफोनेही जस्टिनला हेच सुनावले होते की असल्या गोष्टी ग्रीक लोक दानाए आणि पर्सियसविषयी सांगतात, तुम्हाला लाज वाटायला हवी. चौदाशे वर्षांनंतर गोव्यात तोच पेच उभा राहिला आणि त्यावर स्टीफन्सचा उपाय म्हणजे यहुदी वंशावळ. जी कथा देवदेवतांच्या प्रेमकथांत विरघळू शकली असती तिला इब्राहीम, मुसा, दाऊद यांच्या रांगेत उभे केले की ती वेगळी दिसते. साहित्यकृती म्हणून ‘क्रिस्तपुराणा’ची ही खरी बुद्धी आहे. भाषास्तुतीच्या ओव्या तिच्यापुढे अलंकारापुरत्या आहेत.

त्याच सुमारास दुसरा एक जेझुइट, जेरोम झेवियर, अकबर बादशहासाठी फारसीत ‘मिरातुल कुद्स’ लिहीत होता. तो ग्रंथ १६०२ मध्ये पूर्ण झाला. त्यालाही मरयमच्या बालपणापासून सुरुवात करावी लागली. पण त्याच्या श्रोत्यांना बीबी मरयम आधीच माहीत होत्या. झेवियरला मरयमविषयी पटवून द्यायचे नव्हते, तिच्या पुत्राविषयी पटवायचे होते. एकाच संघातील दोन पाद्री, एकच कथा, आणि दोन भाषांच्या दोन अडचणी. मराठी व फारसी-उर्दू दोन्ही वाचणाऱ्या अभ्यासकाने हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तर एका संशोधन-प्रबंधाला पुरेल एवढा विषय आहे.

‘पहिल्या पुराणा’ची मात्र दुसरी बाजूही आहे आणि ती वाङ्मयेतिहासात कोणी मांडत नाही. ज्या गोव्यात यहुदी पूर्वजांची कथा ओवीत गायिली गेली, त्याच गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली होती आणि तिचे पहिले लक्ष्य होते गुप्तपणे यहुदी धर्म पाळणारे बाटगे ख्रिस्ती. वैद्य गार्सिया द ओर्ता याची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले. खुद्द ओर्ता १५६८ मध्ये वारला होता. १५८० मध्ये त्याचे अवशेष उकरून काढून जाळले गेले. स्टीफन्सला गोव्यात येऊन तेव्हा एक वर्षच झाले होते. ग्रंथातले यहुदी आदरणीय आणि गल्लीतला यहुदी जाळण्याजोगा, असा हा व्यवहार. स्टीफन्सवर व्यक्तिशः दोष टाकण्याचे कारण नाही. पण ‘पहिले पुराण’ शिडीसारखे वापरले गेले, चढून झाल्यावर ढकलून देण्यासाठी, हे म्हणावेच लागते.

आणि गोव्याच्या उत्तरेला, अलिबाग-नवगावच्या पट्ट्यात, घरी मराठी बोलणारा एक यहुदी समाज त्या वेळी तेलाचे घाणे चालवीत होता. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. बेने इस्राएल हे त्यांचे नाव. शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ एवढे त्यांनी जपले होते. तालमूद आणि त्यातील ख्रिस्ती धर्माशी झालेले वाद त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. मरयमविरुद्ध जे बुहतान मध्यपूर्वेत व युरोपात शतकानुशतके फिरत राहिले, त्याचा कोकणातील या यहुद्यांशी संबंध जोडता येत नाही. ‘यहुदी’ म्हटले की एकच चेहरा डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शुभकार्यात, नवस फेडताना ते एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात. मलिदा हा शब्द मुस्लिम घरांत समजावून सांगावा लागत नाही.

१८३२ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी या समाजासाठी इब्रानी भाषेचे प्राथमिक व्याकरण मराठीत छापले. हेतू धर्मांतराचा होता. परिणाम निराळा झाला : बेने इस्राएल मुले आपल्या ग्रंथांची मूळ भाषा शिकली आणि बहुतांशी यहुदीच राहिली. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी इब्रानी प्रार्थना मराठीत आणल्या, मराठी कीर्तनातून आपल्या पूर्वजांची आख्याने लावली गेली. ‘अल्मा’चा अर्थ मूळ पानावर बोट ठेवून तपासू शकणारा मराठी वाचक या व्याकरणामुळे तयार झाला. पादऱ्याने दिलेल्या साधनाने पादऱ्याचे वचन तपासता येत होते. पंडिता रमाबाईंनीही पुढे इब्रानी व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. तो केडगावच्या मुक्ती मिशनमधून १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. एका मराठी स्त्रीने ‘अल्मा’ आणि ‘पार्थेनोस’ हे दोन्ही शब्द मूळ लिपीत वाचले होते, ही गोष्ट मुलींच्या महाविद्यालयात तरी सांगितली गेली पाहिजे.

‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उरलेली नाही. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास हस्तलिखितांवरून ती रोमन लिपीत छापली आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात निघाली. महाविद्यालयीन ग्रंथालयांत त्या आवृत्तीची एखादी प्रत सापडू शकते. मरियेला देवदूत भेटतो तो प्रसंग ‘दुसऱ्या पुराणा’तून, सूरह मरयमच्या सोळा ते बावीस या आयती अरबीतून आणि यशयाचा सातवा अध्याय मराठी बायबलातून, असे तीन उतारे एका पानावर झेरॉक्स करून वर्गात दिले तर तास पुरणार नाही.